इंग्रजी भूतकाळाचे दोन सोबती : क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय

आमच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीवर इंग्रजीत चार ओळी लिहावयास सांगितल्या, की बीड जिल्ह्याचे अर्धे जीवन त्या वह्यांत उतरते. दिवाळी संपते, गावातून उसतोडीच्या गाड्या निघतात आणि मुले शाळेत परततात. एका विद्यार्थ्याने लिहिले होते, 'माय पेरेन्ट्स हॅव गॉन लास्ट मंथ. आय स्टेड टू बॅक.' म्हणजे, आईवडील गेल्या महिन्यात गेले. मी मागे राहिलो. आम्ही दोन ठिकाणी तांबडी रेघ ओढली. चूक कोठे आहे हे त्या रेघेने सांगितले. का आहे हे सांगितले नाही. ते सांगण्यासाठी हा पाठ.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या मुलाला मराठीतील क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय यांतील भेद कळला, त्याला इंग्रजीचा हा अवघड भाग निम्मा आलेलाच असतो.

१. काळ दाखविणारे शब्द

'आईवडील गेल्या महिन्यात गेले आहेत' हे मराठीत चालते. इंग्रजीत मात्र यस्टर्डे, लास्ट मंथ, टू डेज अगो, इन 1956 असा संपलेला काळ सांगणारा शब्द वाक्यात आला, की साधा भूतकाळच हवा : 'माय पेरेन्ट्स वेन्ट लास्ट मंथ.' 'हॅव गॉन' तेव्हा, जेव्हा केव्हा गेले हे सांगावयाचे नसते; गेले आहेत आणि आज येथे नाहीत, एवढेच सांगावयाचे असते. 'अगो' हा शब्द आपल्या 'पूर्वी'सारखाच मागून येतो : दोन दिवसांपूर्वी, टू डेज अगो.

२. मागे आणि घरामागे

'तो मागे थांबला' आणि 'तो घरामागे थांबला' ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात 'मागे' स्वतंत्र आहे, ते क्रियापदाला साथ देते. म्हणून ते क्रियाविशेषण. दुसऱ्यात ते नामाला जोडून आले आहे. म्हणून ते शब्दयोगी अव्यय. इंग्रजीतही हाच भेद आहे : 'ही स्टेड बिहाइन्ड' आणि 'ही स्टेड बिहाइन्ड द हाउस.' फरक इतकाच, की मराठीत हे अव्यय नामाच्या शेवटी चिकटते, तर इंग्रजीत ते नामाच्या आधी सुटे उभे राहते. शब्दाचे रूप दोन्हीकडे सारखेच दिसत असल्याने, त्याच्यापुढे नाम आहे की नाही, हे पाहूनच निर्णय करावा लागतो.

यावरून 'टू'चा गोंधळही सुटतो. होम, हिअर, देअर, अब्रॉड, बॅक, अवे हे शब्द गतीच्या क्रियापदामागून असे एकटे येतात तेव्हा क्रियाविशेषणे असतात. आपण 'घरी गेलो' म्हणतो, 'घरीला गेलो' म्हणत नाही. कारण 'घरी' या शब्दातच दिशा आली. तसेच 'आय वेन्ट होम'. 'वेन्ट टू होम' नव्हे. 'स्कूल' हे नाम असल्याने तेथे मात्र 'वेन्ट टू स्कूल'. 'रिटर्न्ड' या क्रियापदात 'परत' हा अर्थ आधीच आहे. म्हणून त्यापुढे 'बॅक' नको.

३. तिघे एकत्र येतात तेव्हा

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा प्रवास इंग्रजीत सांगून पाहू. 'ही वेन्ट अब्रॉड इन 1913. ही केम बॅक टू इंडिया इन 1917. ही वेन्ट बॅक टू लंडन इन 1920.' तिसऱ्या वाक्यातील क्रम ध्यानात घ्यावा : आधी भूतकाळी क्रियापद 'वेन्ट', मग क्रियाविशेषण 'बॅक', मग शब्दयोगी 'टू' व त्याचे नाम 'लंडन', आणि शेवटी काळ. मराठीत आपण 'ते 1920 साली परत लंडनला गेले' असे म्हणतो. क्रियापद अखेरीस येते. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते आणि बाकीचे शब्द त्याच्यामागून चालतात.

४. सर्वनामाची कसोटी

'सिद्धार्थ गेव्ह अप द पॅलेस', म्हणजे सिद्धार्थाने राजवाडा सोडला. 'गेव्ह' म्हणजे दिले, 'अप' म्हणजे वर. पण दोन्ही मिळून अर्थ होतो त्याग केला. अशा जोड्या एक शब्द म्हणूनच पाठ कराव्यात. आता नामाऐवजी सर्वनाम घालावे : 'ही गेव्ह इट अप.' सर्वनाम मध्ये शिरले. म्हणून 'अप' हे क्रियाविशेषण. उलट 'ही लुक्ड ॲट द सिक मॅन' या वाक्याचे 'ही लुक्ड ॲट हिम' असेच होते. सर्वनाम 'ॲट'च्या पुढेच राहिले. म्हणून ते शब्दयोगी.

रीत दाखविणाऱ्या क्रियाविशेषणांची जागाही सांगून ठेवू. 'शी लुक्ड केअरफुली ॲट द लेटर' हे बरोबर. क्रियापद आणि शब्दयोगी यांच्यामध्ये असा शब्द बसू शकतो. परंतु 'शी रेड केअरफुली द लेटर' हे चूक. क्रियापद आणि त्याचे कर्म यांची ताटातूट करू नये. तेथे 'शी रेड द लेटर केअरफुली' असे लिहावे.

सरावासाठी

पुढील वाक्ये दुरुस्त करावीत : (अ) आय हॅव कम यस्टर्डे. (आ) शी वेन्ट टू देअर. (इ) माय फादर रिटर्न्ड बॅक इन एप्रिल. (ई) ही टूक ऑफ देम.

उत्तरे : (अ) आय केम यस्टर्डे. (आ) शी वेन्ट देअर. (इ) माय फादर केम बॅक इन एप्रिल. (ई) ही टूक देम ऑफ.

पालकांसाठी दोन शब्द

'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?' असे अनेक पालक आम्हाला म्हणतात. त्यांना विनंती आहे, की मुलाने वाक्य वाचले म्हणजे त्याचा मराठी अर्थ विचारावा. आणि 'मागे' असा शब्द आला, की 'कशाच्या मागे?' एवढेच विचारावे. वाक्यात उत्तर सापडले तर ते शब्दयोगी, न सापडले तर क्रियाविशेषण. हा प्रश्न विचारण्यास इंग्रजी यावे लागत नाही. तो फडावरून केलेल्या फोनवरही विचारता येतो.

त्या विद्यार्थ्याच्या वहीत दुरुस्त झालेली वाक्ये अशी आहेत : 'माय पेरेन्ट्स वेन्ट अवे लास्ट मंथ. आय स्टेड बिहाइन्ड.' त्याखाली त्याने स्वतःहून तिसरे वाक्य लिहिले आहे : 'दे केम बॅक लास्ट एप्रिल ऑल्सो.' 'ऑल्सो'ची जागा थोडी हलवावी लागेल. पण क्रियापद, त्याचा सोबती आणि काळ ही तिन्ही त्याने कोणाला न विचारता बरोबर लिहिली आहेत. त्या ओळीवर आम्ही तांबडी रेघ ओढली नाही.