स्त्रियांचे मूत्रविकार आणि 'ड' जीवनसत्त्व

खोकताना वा डोक्यावर भारा घेताना नकळत लघवीचे थेंब सुटणे, लघवी लागताच ती न आवरणे, रात्री वारंवार उठावे लागणे. रत्नागिरी जिल्ह्यात भातलावणी करणाऱ्या किंवा मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या कित्येक स्त्रिया असे त्रास लज्जेपोटी सोसतात; डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

अलीकडे या त्रासांचा संबंध 'ड' जीवनसत्त्वाशी जोडला जातो. तो अगदीच निराधार नव्हे. उन्हातील अतिनील किरणांच्या साहाय्याने त्वचेत तयार होणारे हे जीवनसत्त्व हाडांप्रमाणेच स्नायूंनाही लागते, आणि मूत्राशयास खालून तोलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायूच आहेत. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तात हे जीवनसत्त्व कमी असलेल्या स्त्रियांत असे विकार अधिक आढळले. तथापि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्याच देशातील 'व्हायटल' या मोठ्या चाचणीत 55 वर्षांवरील स्त्रियांना रोज 2,000 एकक 'ड' जीवनसत्त्व दिले गेले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लघवी सुटण्याच्या तक्रारीत एकंदरीत फरक पडला नाही.

कोकणात ऊन उदंड. पण पावसाळ्याचे चार महिने आभाळ झाकलेले आणि घरकामात गुंतलेल्या स्त्रीच्या अंगास ऊन कमीच लागते. तारली, बांगडा यांतून हे जीवनसत्त्व काही प्रमाणात मिळते. उणीव असल्यास ती वैद्यकीय सल्ल्याने अवश्य भरून काढावी. मनाने गोळ्या घेणे मात्र घातक होय. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते, तहान व लघवी वाढते, मूतखडाही होऊ शकतो. म्हणजे ज्या त्रासासाठी औषध घ्यावे, तोच बळावावयाचा!

प्रथम लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग व मधुमेह नाही ना, हे पाहिले जाते. लघवी रोखून धरतो तसे तळाचे स्नायू काही क्षण आवळून सैल सोडण्याचा व्यायाम अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली मांडला. तो दररोज सुमारे तीन महिने केल्यास पुष्कळ स्त्रियांस गुण येतो, आणि त्यास खर्च काहीच नाही.

आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या स्त्रीची अडचण गोळीने कशी सुटणार? आठवडा बाजार, एस. टी. थांबा, काजू कारखाना व बंदर या ठिकाणी आतून कडी लागणारे, पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह आहे किंवा नाही, ही चौकशी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या सभासदास आजही करता येईल.