मामांची पद्मिनी आणि चेपणारा पत्रा

गेल्या दिवाळीत आम्ही सोलापूरला मामांकडे गेलो होतो. गावात शिरता शिरता एका टेम्पोने आमच्या गाडीला मागून धक्का दिला. धक्का तसा हलकाच, पण बंपर फाटला आणि डिकीचं झाकण आत गेलं. मामा बाहेर आले, बोटाने पत्रा वाजवून पाहिला आणि बाबांना म्हणाले, "भाऊजी, ही गाडी आहे का बिस्किटाचा डबा? आमच्या पद्मिनीला ठोकलं असतं तर टेम्पोच गॅरेजला न्यावा लागला असता!" सगळे हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात मेकॅनिकलला मी एकटीच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगू का, मला मनातून मामांचंच पटलं होतं.

मामांची पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, म्हणजे मूळची फियाट ११००. दार लावलं की कसा 'धप्प' आवाज येतो! आमच्या गाडीचं दार नुसतं 'टक' करतं. तेव्हा भक्कम कोण, हे कुणीही सांगेल.

होस्टेलवर परत आल्यावर हा विषय डोक्यातून जाईना. शोधता शोधता एक प्रयोग सापडला. तो मी आतापर्यंत निदान दहा वेळा पाहिला असेल. अमेरिकेत इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी नावाची संस्था आहे. ती विमा कंपन्यांच्या पैशावर चालते, म्हणजे अपघात कमी व्हावेत यात तिचा रोकडा फायदा आहे. २००९ साली संस्थेला ५० वर्षं झाली. आपल्याकडे अशा वेळी स्मरणिका काढतात. यांनी व्हर्जिनिया राज्यातल्या आपल्या केंद्रात दोन गाड्या समोरासमोर आदळवल्या. एक १९५९ची शेवरोले बेल एअर आणि दुसरी त्याच कंपनीची २००९ची मालिबू. दोघींचा वेग ताशी ६४ किलोमीटर. टक्कर पूर्ण समोरून नाही, ड्रायव्हरच्या बाजूने, जशी ओव्हरटेक करताना होते तशी. वजनात फार फरक नव्हता, त्यामुळे 'जड गाडी जिंकली' असं म्हणायला वाव नाही.

बेल एअर दिसायला काय देखणी! मागे पंखांसारखी शेपटी, पुढे क्रोमचा हा मोठा बंपर. टक्कर झाली आणि तिचा ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा भाग सरळ आत घुसला. स्टीअरिंग वर आणि मागे सरकलं. डमीचं डोकं आधी स्टीअरिंगवर, मग छपरावर आणि उघड्या लोखंडी डॅशबोर्डवर आपटलं. पुढची काच अख्खी निघाली, दार उघडलं, सीट एका बाजूने जमिनीपासून उखडली. त्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचंही नाक पार चेपलं, ती सरळ भंगारातच जाणार. पण तिच्या ड्रायव्हरच्या भोवतीची जागा जवळजवळ जशीच्या तशी राहिली. त्या डमीच्या हिशेबाने माणसाच्या पावलाला किरकोळ लागलं असतं.

आता इथे थोडी आकडेमोड करू. घाबरू नका, अकरावीचीच आहे. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७.८ मीटर. एवढ्या वेगाने जमिनीवर आदळायचं असेल तर सुमारे १६ मीटरवरून पडावं लागतं, म्हणजे साधारण पाचव्या मजल्याच्या गच्चीवरून. खाली फरशी आहे की गाद्यांचा ढीग, यावर सगळं अवलंबून. वेग तोच, ऊर्जा तीच, फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. थांबायला ६० सेंटीमीटर मिळाले तर सरासरी मंदन २७ जी येतं. ६० किलोच्या माणसावर साधारण १.६ टनाचा जोर. हाडं दुखतील, पण पट्टा असेल तर माणूस हे सोसू शकतो. तेच अंतर १० सेंटीमीटर झालं तर १६१ जी, म्हणजे साडेनऊ टनांच्या वर. हे कुणी सोसू शकत नाही, पैलवान असला तरी.

म्हणजे गाडीचं नाक चेपतं तेव्हा ते आपल्यासाठी सेंटीमीटर विकत घेत असतं. मामा ज्याला बिस्किटाचा डबा म्हणतात, तो डबा मुद्दाम तसा केलेला असतो.

हे डोकं बेला बारेनी या डाइमलर-बेंझमधल्या इंजिनिअरचं. गाडीचे तीन भाग करायचे, मधला माणसांचा भाग कडक आणि पुढचा-मागचा भाग मऊ, या कल्पनेचं पेटंट त्यांनी १९५१ साली दाखल केलं. त्याआधी सगळ्यांची समजूत मामांसारखीच होती, की गाडी जितकी ताठ तितकी चांगली. १९५९ साली मर्सिडीजच्या गाडीत ही कल्पना प्रत्यक्ष आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन टोकांचा सीटबेल्ट आला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना वापरू दिलं. म्हणजे बेल एअर बाजारात आली त्या वर्षी उत्तरं तयार होती, फक्त तिच्यात ती नव्हती.

तिच्यात होता जाड पत्रा. पण पत्रा जाड असणं वेगळं आणि पिंजरा असणं वेगळं. तिची चासी इंग्रजी एक्स अक्षरासारखी होती आणि कडेला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच नव्हत्या. त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूने आलेला जोर थेट केबिनमध्ये उतरला. म्हणजे बेल एअरही चेपलीच की! फक्त चुकीच्या जागी चेपली. एसओएमच्या तासाला 'लोड पाथ' हा शब्द मी दोन वर्षं नुसता लिहून घेत होते, त्याचा अर्थ त्या व्हिडिओत कळला. काही जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणतात की ही चासी कच्चीच होती, मुद्दाम तीच निवडली. असेल. पण ताठ स्टीअरिंग कॉलम आणि पट्ट्याशिवायच्या सीटा त्या काळच्या बहुतेक गाड्यांत होत्या. धक्क्यात दुमडणारा कॉलम जनरल मोटर्सनेही १९६७च्या मॉडेलांपासून दिला.

मग नवी गाडी घेतली की झालं, असंही नाही. २०१६ साली याच संस्थेत निसानच्या दोन गाड्या आदळवल्या, मेक्सिकोत विकली जाणारी सुरू आणि अमेरिकेत विकली जाणारी व्हर्सा. दोन्ही शोरूममधल्या नव्या, दोन्ही त्या त्या देशातल्या निसानच्या सर्वांत स्वस्त सेडान. पण सुरूचं डिझाइन १९९०च्या सुमाराचं, एअरबॅग नाही. तिची केबिन कोसळली. २०१४ साली ग्लोबल एनसीएपीने आपल्या देशातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची मूळ मॉडेलं तपासली, तेव्हा पाचांनाही मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातल्या पोलोची केबिन टिकली होती, पण एअरबॅग नव्हती. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मात्र चार तारे मिळाले. २०२३पासून आपला स्वतःचा भारत एनसीएपी आहे आणि त्यातही समोरची टक्कर ६४च्याच वेगाने घेतात.

आणि पट्टा नसेल तर केबिन टिकूनही उपयोग नाही. गाडी थांबते, आपण थांबत नाही, न्यूटनचा पहिला नियम. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. गाडी आधुनिक आणि महागडी मर्सिडीज होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. आपण होस्टेलवरून स्टेशनला जाताना मागच्या सीटवर चौघं बसतो, तेव्हा पट्टे कुठे असतात? सीटखाली, वेफर्सच्या पाकिटांबरोबर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला. पहिला प्रश्न, "त्या जुन्या गाडीत इंजिन होतं का? काढून तर नव्हतं ठेवलं?" अमेरिकेतही लोकांनी हेच विचारलं होतं. सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर होतं. टक्कर झाली तेव्हा उडालेला तांबूस धुरळा पाहून "गंजलेली असणार" असं म्हणाले. तोही आक्षेप तिकडे आला होता. तो वरवरचा गंज आणि साचलेली माती होती, सांगाडा धड होता, असं संस्थेने सांगितलं.

मामा काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले, पद्मिनीचं दार उघडलं, मागच्या सीटवर हात फिरवून पट्टा कुठे लावता येईल ते पाहू लागले. लावायला जागाच नव्हती. पद्मिनी त्यांनी विकलेली नाही, विकणारही नाहीत. दर रविवारी तिला पुसून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत नेतात, वीसच्या स्पीडने. पण जूनमध्ये मला होस्टेलवर सोडायला यायचं ठरलं, तेव्हा मामी डबे घेऊन पद्मिनीपाशी उभ्या राहिल्या. मामा म्हणाले, "तिकडे नको. एसटीची तिकिटं काढलीत."