हरवलेल्या बोल्टची ओळख

काही मोटारसायकलींच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर प्लॅस्टिकचे निमुळते आवरण बसवलेले तुम्ही पाहिले असेल. त्याला फेअरिंग म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेला वाट करून देणे आणि स्वाराला वाऱ्याच्या माऱ्यापासून वाचवणे, हे त्याचे काम. हे आवरण अनेक छोट्या बोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. हादऱ्यांनी एखादा बोल्ट सैल होतो आणि रस्त्यात कुठेतरी पडून जातो. मग आवरण खडखडू लागते, उरलेल्या बोल्टांवरचा ताण वाढतो आणि भोकाजवळ तडा जातो. छोट्याशा बोल्टपायी मोठे आवरण बदलण्याची पाळी येते!

कंपनीच्या वेष्टनातला बोल्ट बहुधा महाग असतो. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळणारा बोल्ट त्याच्या जागी चालेल का? पुष्कळदा चालतो. मात्र त्यासाठी गाडीचे नाव सांगून भागत नाही, बोल्टची मापे सांगावी लागतात.

पहिले माप व्यासाचे. आट्यांच्या बाहेरच्या कडांवर व्हर्नियर कॅलिपर धरला आणि ५.९ मिलिमीटर आले, तर तो ६ मिलिमीटरचा बोल्ट समजावा. आटे नटमध्ये मोकळे फिरावेत म्हणून प्रत्यक्ष व्यास किंचित कमी ठेवतात. अशा बोल्टला ‘एम ६’ म्हणतात. फेअरिंगला बहुधा एम ५ किंवा एम ६ बोल्ट असतात.

दुसरे माप दोन शेजारच्या आट्यांमधील अंतराचे. याला पिच म्हणतात. नेहमीच्या एम ५ बोल्टचा पिच ०.८ मिलिमीटर, तर एम ६ चा १ मिलिमीटर असतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. पाव इंची बोल्टचा व्यास ६.३५ मिलिमीटर, म्हणजे दिसायला तो एम ६ सारखाच! पण त्याच्या एका इंचात सहसा २० आटे असतात, म्हणून पिच १.२७ मिलिमीटर होतो. तो एम ६ च्या नटमध्ये शिरत नाही, आणि पान्याने जबरदस्ती केली तर नटचे आटे मात्र खराब होतात.

मापांत असा फरक का? पूर्वी प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीप्रमाणे आटे पाडत असे. १८४१ साली इंग्लंडमधील अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्वांसाठी एकच इंची पद्धत सुचवली. तिच्यात आट्यांच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंशांचा होता. आजच्या मेट्रिक पद्धतीत तो ६० अंशांचा आहे. मद्रासला बनलेल्या जुन्या बुलेट गाड्यांत इंची आटे सापडतात ते याच इंग्रजी परंपरेमुळे.

तिसरे माप लांबीचे. ते डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजावे. बोल्ट आखूड असेल तर थोडेच आटे पकड घेतात. फार लांब असेल तर तो मागच्या वायरीला किंवा रेडिएटरला टोचू शकतो.

चौथी गोष्ट डोक्याखाली दडलेली असते. फेअरिंगच्या काही बोल्टांना डोक्याखाली आटे नसलेला, जाड आणि गुळगुळीत भाग असतो. हा बोल्टचा खांदा. बोल्ट कितीही आवळला तरी खांदा धातूला टेकतो आणि प्लॅस्टिक चिरडत नाही. अशा जागी साधा बोल्ट लावायचा असेल, तर खांद्याएवढ्या उंचीची धातूची छोटी नळी भोकात बसवावी आणि डोक्याखाली नायलॉनचा वायसर घालावा.

आता मजबुतीचे पाहू. पोलादी बोल्टच्या डोक्यावर ४.८ किंवा ८.८ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले, की बोल्ट तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सोसतो ते कळते. एम ६ बोल्टचे ताण घेणारे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मिलिमीटर असते. म्हणून ४.८ चा बोल्ट २० × ४०० = ८००० न्यूटन, म्हणजे साधारण ८०० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ सहन करील. फेअरिंगचे वजन असते काही किलोग्रॅम, आणि तेही अनेक बोल्टांत वाटलेले. म्हणजे येथे स्वस्त बोल्टही पुरून उरतो.

परंतु ब्रेक, चाक किंवा हँडल यांच्या बोल्टांना हा हिशेब लावू नका. तेथे ८.८ किंवा त्याहून मजबूत बोल्ट योजलेले असतात. ए २-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट चकाकतो खरा, पण तो ७०० न्यूटनच सोसतो, ८.८ चा ८०० सोसतो. ब्रेकवर बचत केली तर किंमत जिवाने मोजावी लागेल.

फेअरिंगला मात्र न गंजणारा स्टेनलेस बोल्ट उत्तम. तो ॲल्युमिनियमच्या भोकात जाणार असेल, तर आट्यांना थोडे ग्रीस लावा. पावसाच्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले, की विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते आणि बोल्ट अडकून बसतो.

करून पाहा

१. बोल्ट हरवला असेल, तर गाडीच्या दुसऱ्या बाजूचा त्याच जागेचा बोल्ट काढा. बहुधा तो जुळा भाऊच असतो.

२. त्याचे आटे कागदावर दाबून ठसा घ्या आणि दहा अंतरांची एकूण लांबी पट्टीने मोजा. १० मिलिमीटर आली तर पिच १ मिलिमीटर, १२.७ आली तर बोल्ट पाव इंची असण्याचा संभव मोठा.

३. दुकानातला बोल्ट नमुन्याच्या बोल्टला आडवा टेकवून उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत बसून फटीतून उजेड आला नाही, तर पिच जुळला.

४. लोहचुंबक लावा. साधे पोलाद जोराने चिकटते, ए २ जातीचे स्टेनलेस जवळजवळ चिकटत नाही.

५. नवा बोल्ट प्रथम बोटांनीच फिरवा. तीन-चार फेरे सहज गेले, तरच पाना हातात घ्या.