पापणी डोळ्यावर आली!

प्रश्न : वय ६३. वरच्या पापण्यांची कातडी लोंबतेय. सुईत दोरा ओवताना भुवया वर ताणाव्या लागतात. ऑपरेशन करावं का?
– एक वाचक, कामशेत

उत्तर : भुवया ताणाव्या लागतात, म्हणजे प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही, ताई. कातडी सैल झालीय की पापणी उचलणारा स्नायूच ढिला पडलाय, हे आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या; दोन्हींची ऑपरेशनं वेगळी. तळेगावला मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळच आहे. पापणीमुळे नजर किती अडते हे विम्याला दाखवण्यासाठी दृष्टिक्षेत्राची चाचणीही करा. केवळ सौंदर्यासाठी विमा पैसे देत नाही. जादा कातडी बहुधा जागेपुरती भूल देऊन काढतात, टाके आठवड्याभरात निघतात. डोळे कोरडे पडत असतील तर आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका. पापणी अचानक पडली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.