इंग्रजीतील नियोजित भविष्य : क्रियापदरूपांची निवड

प्रास्ताविक

पुढील वाक्ये पाहा. ‘गाडी उद्या सहाला सुटणार आहे.’ ‘रविवारी मी परीक्षा देणार आहे.’ ‘यंदा आम्ही घर बांधणार आहोत.’ ‘सोमवारी मंत्री पुलाचे उद्घाटन करणार आहेत.’ मराठीत ‘-णार’ हे एकच रूप चारही ठिकाणी चालते. इंग्रजीत मात्र चार निरनिराळी रूपे उपलब्ध आहेत. ‘भविष्यकाळ म्हणजे विल’ असे समीकरण शाळेत पाठ झाल्यामुळे हा भेद आपल्या ध्यानात येत नाही. रूप निवडताना प्रथम एक प्रश्न विचारावा : ही घटना कोणी व कशी ठरवली आहे?

विवेचन

१. वेळापत्रक : गाड्या, तासिका, चित्रपट यांच्या ठरलेल्या वेळांसाठी साधा वर्तमानकाळ येतो. ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो.’ ‘गाडी उद्या सहाला सुटते’ असे आपणही म्हणतोच. उद्याचा सूर्योदय या रूपात सांगता येतो. उद्याचा पाऊस सांगता येत नाही, कारण पावसाला वेळापत्रक नसते.

२. वैयक्तिक व्यवस्था : येथे चालू वर्तमानकाळ योजतात. ‘आय ॲम टेकिंग ॲन एक्झाम ऑन संडे.’ शुल्क भरले आहे, प्रवेशपत्र हाती आहे. तयारी झालेली आहे.

३. संकल्प : ‘वुई आर गोइंग टु बिल्ड अ हाऊस धिस इयर.’ मनाचा निश्चय झाला आहे. गवंडी ठरला असेलच असे नाही.

४. अधिकृत कार्यक्रम : ‘द मिनिस्टर इज टु ओपन द ब्रिज ऑन मंडे.’ हे रूप औपचारिक असून बातम्यांत विशेष आढळते. मथळ्यात ‘इज’ गाळून केवळ ‘टु ओपन’ उरते.

या सीमारेषा सर्वत्र काटेकोर नसतात. दुसरे व तिसरे रूप पुष्कळदा परस्परांच्या जागी चालते.

‘विल’चे स्थान

भाकीत, वचन आणि बोलता बोलता घेतलेला निर्णय यांसाठी ‘विल’ योग्य ठरते. समजा, वरिष्ठांनी दूरध्वनी करून आपणांस रविवारी कामावर बोलावले. ‘आय विल टेक ॲन एक्झाम ऑन संडे’ असे उत्तर दिल्यास परीक्षेचा बेत आताच सुचला, असा अर्थ ध्वनित होऊ शकतो. ‘आय ॲम टेकिंग ॲन एक्झाम’ म्हटल्यास तो दिवस आधीच राखून ठेवला आहे, हे क्रियापदच सांगते. वेगळी सबब द्यावी लागत नाही.

स्वाध्याय

येत्या आठवड्यातील आपल्या चार नियोजित गोष्टी इंग्रजीत लिहा. प्रत्येक वाक्यापुढे ती गोष्ट वेळापत्रकाने, व्यवस्थेने, संकल्पाने की अधिकृत आदेशाने ठरली आहे, ते मराठीत नोंदवा आणि त्यानुसार क्रियापदाचे रूप पुन्हा तपासा.