गेम बनवायला शिकायचंय? क्लासची फी सगळ्यात शेवटी

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत कामाला जाणारे आईवडील पुष्कळ. त्यामुळे मुलीने किंवा मुलाने ‘मला गेम डेव्हलपर व्हायचंय’ असं सांगितलं, तर घरात आभाळ कोसळत नाही. लगेच प्रश्न येतो तो पैशांचा, आणि बहुतेक घरं हिशेब क्लासच्या फीपासून सुरू करतात. हा क्रम उलटा आहे.

आधी फुकट काय मिळतं ते बघा. गेम ज्यात बांधतात त्या ‘इंजिना’साठी विद्यार्थ्याला एक रुपयाही मोजावा लागत नाही. गोडो पूर्ण मोफत आहे. युनिटीची पर्सनल आवृत्ती वर्षाची कमाई दोन लाख डॉलरच्या आत असेपर्यंत फुकट वापरता येते. अनरियल एका गेमची एकूण कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेल्यावरच ५ टक्के हिस्सा मागतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२०चा गाजलेला गेम याच अनरियलवर बनला. थ्रीडी मॉडेलसाठी ब्लेंडर, चित्रांसाठी क्रिता आणि आवाजासाठी ऑडॅसिटी हीसुद्धा मोफत आहेत. थ्रीडीसाठीचीच ऑटोडेस्कची माया शैक्षणिक परवान्यावर विनाशुल्क मिळते. तेव्हा फीच्या तक्त्यात ‘सॉफ्टवेअर शुल्क’ अशी ओळ दिसली, तर कुठल्या सॉफ्टवेअरचं, हे तिथल्या तिथे विचारा.

खरा खर्च मशीनचा. पण तोही पहिल्या दिवशी नको. गोडोमध्ये टूडी गेम शिकायला घरातला आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. अनरियलमध्ये थ्रीडी करायचं ठरलं की किमान १६ जीबी रॅम, एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. असा लॅपटॉप साधारण सत्तर ते नव्वद हजारांना पडतो. तेवढ्याच पैशांत जोडून घेतलेला डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो आणि पुढे रॅम किंवा कार्ड बदलणंही सोपं जातं. रोज ने-आण करायची नसेल तर माझं मत डेस्कटॉपला. त्याचं वीजबिलही धरा. ३०० वॉट खाणारं मशीन रोज सहा तास चाललं तर महिन्याला ५४ युनिट होतात. युनिटला दहा-बारा रुपये धरले, तर साडेपाचशे ते साडेसहाशे रुपये.

आता क्लास. फी दोन लाख सांगितली असेल तर ‘जीएसटी धरून की सोडून’ हे पहिलं विचारा. खासगी क्लासवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ३६ हजार. मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पदवीच्या फीवर तो नसतो.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते हप्त्यांबाबत. ‘बिनव्याजी ईएमआय’ म्हणून समोर येणारा कागद बरेचदा एखाद्या फायनान्स कंपनीचा कर्ज-करार असतो. कंपनी संस्थेला पैसे एकरकमी देते आणि कर्ज विद्यार्थ्याच्या किंवा पालकांच्या नावावर चढतं. मुलाने तिसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ते थांबत नाहीत. चुकले तर ज्याच्या नावावर कर्ज, त्याचा सिबिल स्कोअर बिघडतो. सही करण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. कर्ज देणाऱ्याने ते द्यायलाच हवं. त्यात एकूण परतफेड आणि प्रक्रिया शुल्क लिहिलेलं असतं. क्लास सोडल्यास किती पैसे परत, हे संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासन कामाचं नाही. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

प्लेसमेंटची यादी दाखवली तर कंपन्यांची नावं वाचा. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. असे गेम चालवणाऱ्या कंपन्यांतल्या जुन्या नोकऱ्या आज दाखवून उपयोग नाही. पुण्यातच युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, ‘इंडस’ गेमवाली सुपरगेमिंग आहे. स्टुडिओत प्रमाणपत्राच्या आधी तुम्ही बनवलेला, चालणारा गेम बघतात. पदवीनंतर रीतसर शिकायचं असेल तर एनआयडीच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत २०२५मध्ये आयआयसीटी ही संस्थाही सुरू झाली.

क्लासला जाण्यायेण्याचा खर्चही धरा. तो डेक्कनकडे असेल तर नाशिक फाट्याहून मेट्रो धरा, जिल्हा न्यायालयाला गाडी बदला. पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना भाड्यात ३० टक्के सवलत आहे.

गेम लोकांपर्यंत न्यायचा खर्च मात्र किरकोळ. इच डॉट आयओ या साइटवर गेम टाकायला काही पडत नाही. गुगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. अँड्रॉइड फोनवाले बारा शेजारी आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीत सापडतील. त्यांना नुसतं ‘मस्त आहे’ म्हणू देऊ नका, कुठे अडकले ते लिहून घ्या. स्टीमवर दर गेममागे १०० डॉलर लागतात आणि कमाई हजार डॉलरवर गेली की ते परत मिळतात. ॲपलच्या खात्याचे दरवर्षी ९९ डॉलर. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

तेव्हा आधी तीन महिने घरच्या लॅपटॉपवर, फुकटच्या इंजिनात, एकाच लेव्हलचा का होईना, एक गेम पूर्ण करू द्या. तो झाला तर मशीन घ्या, मग क्लास बघा. तीन महिन्यांत काहीच पुरं झालं नाही, तर दोन लाखांच्या करारावर सही करू नका.