सेनापतीचे चित्र आणि भज्यांचा कागद



मुळशीकडच्या एका घरी ओटीवर फौजेतल्या पणजोबांचे तैलचित्र टांगलेले आहे. त्या घरच्या मुलाने गेल्या पावसाळ्यानंतर मला विचारले, "सर, चित्र फार मळलंय. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून काढू का?" मी घाईघाईने म्हणालो, "मुळीच नको!" असे का, हे कळण्यासाठी तैलचित्र म्हणजे काय ते पाहू.

अठराव्या शतकात फ्रान्समधले लष्करी अधिकारी गणवेशात तैलचित्र काढून घेत. युरोपातली ही कला पुण्यातही आली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत उतरला व पुढच्या वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची तैलचित्रे त्याने रंगविली. महादजींच्या कवायती पलटणी तयार करणारा डी बॉइन हाही पूर्वी फ्रेंच सैन्यात होता. म्हणजे युरोपची कवायत आणि युरोपचे तैलचित्र एकाच काळात पुण्याच्या दरबारी पोचले!

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात खललेली रंगाची पूड. हे तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. काचेच्या दोन तुकड्यांवर जवसाचे व शेंगदाण्याचे तेल पातळ पसरून काही आठवडे ठेवा. फरक बोटाला कळेल.

आता पांढऱ्या रंगाकडे वळू. भिंतीला चुना चालतो, मग त्या चित्रकारांनी शिशापासून केलेला विषारी सफेदा का वापरला? खडूचा अर्धा भाग तेलात बुडवा. तो भाग मंद, काळपट दिसेल. भज्यांखालचा कागदही तेलाने असाच अर्धपारदर्शक होतो. कारण सोपे आहे. दोन पदार्थांच्या वक्रीभवनांकांत जितका फरक, तितका त्यांच्या सीमेवरून अधिक प्रकाश परततो. प्रकाश सरळ पडला तर परतणारा भाग असा काढतात: दोन अंकांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, आणि येईल त्याचा वर्ग.

हवा (१.००) व खडू (सुमारे १.५२): सुमारे ४ टक्के.
तेल (१.४८) व खडू: फक्त ०.०२ टक्का.
तेल व सफेदा (सुमारे २.००): सुमारे २.२ टक्के.

एका कणावरून परतणारा प्रकाश थोडाच असतो. पण रंगाच्या थरात असे असंख्य कण असतात. म्हणून तेलातही सफेदा पांढराच राहतो. अधिकाऱ्याच्या चिलखतावरची ती चकाकी याच सफेद्याची!

पण काळ थांबत नाही. जुन्या तेलाचा वक्रीभवनांक वाढत जातो. तो १.५५ झाला, तर २.२ टक्क्यांचे १.६ टक्केच उरतात. रंग थोडा पारदर्शक होतो आणि चित्रकाराने पूर्वी काढून मग झाकलेला हात किंवा टोपी वर्षानुवर्षांनी पुसटशी वर दिसू लागते.

आता त्या सोड्याचे पाहू. तेल अधिक अल्क म्हणजे साबण, हे तुम्ही शिकला आहात. सोड्याच्या पाण्याने मळाबरोबर रंगाला धरून ठेवणारे तेलही सुटते आणि पणजोबांचा चेहरा फडक्यावर येतो! मुळशीच्या पावसाळ्यात कॅनव्हास ओलावा शोषतो, उन्हाळ्यात सुकतो. जुना, कडक झालेला रंग ही ओढाताण सोसत नाही व त्याला भेगा पडतात. म्हणून चित्र बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावू नये. चौकटीमागे बुचाचे तुकडे ठेवून हवा खेळू द्यावी. रंग सुटत नसेल तरच मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. बाकीचे काम जाणकाराचे.

त्या मुलाने चित्र आतल्या भिंतीवर हलविले आहे. पणजोबा अजून जागच्या जागी आहेत.

विचार करा: पावसात भिजलेला सदरा कोरड्या सदऱ्यापेक्षा गडद का दिसतो?